हाताच्या शिरेत रक्ताची गुठळी: धोके कसे ओळखावेत, उपचार कसे पार पाडावेत

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, हे आता बहुतेकांना ऐकून माहीत असते. हातातही ती होऊ शकते, हे मात्र अनेकांना निदान झाल्यावरच कळते. खोल शिरांमध्ये होणाऱ्या एकूण गुठळ्यांपैकी साधारण ४ ते १० टक्के गुठळ्या हातात आढळतात. प्रमाण कमी असल्यामुळे दंड सुजला की स्नायू दुखावला असेल, झोपेत हात अंगाखाली आला असेल, अशी समजूत करून घेतली जाते आणि मलम चोळण्यात मोलाचे दिवस निघून जातात. निदान झाल्यावरही 'हातच आहे, पाय नाही' म्हणून गोळ्या घेण्यात ढिलाई होते. हा लेख रुग्णासाठी आणि त्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांसाठी आहे. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच राहील; पण तो निर्णय का घेतला हे समजले, तर तीन महिने तो नीट पाळणे सोपे जाते.

गुठळी कोठे आहे, हे आधी समजून घ्या

हातात शिरांची दोन जाळी असतात. त्वचेखाली दिसणाऱ्या, रक्त काढताना किंवा सलाईन लावताना वापरल्या जाणाऱ्या शिरा वरवरच्या असतात. सेफॅलिक आणि बॅसिलिक ही त्यांतील मुख्य नावे. खोल शिरा धमन्यांच्या सोबतीने स्नायूंमधून जातात. मनगटापासून कोपरापर्यंत रेडियल आणि अल्नर, दंडात ब्रेकियल, काखेत ॲक्झिलरी आणि कॉलर बोनच्या मागे सबक्लेव्हियन, अशा क्रमाने त्या वर चढतात आणि शेवटी छातीतील मोठ्या शिरेतून हृदयात रिकाम्या होतात. सोनोग्राफीच्या अहवालात यांपैकी कोणते नाव आहे, ते स्वतः वाचून घ्यावे आणि डॉक्टरांना विचारावे, कारण पुढचे जवळजवळ सगळे त्यावर ठरते. ॲक्झिलरी किंवा त्याच्या वरची शीर बंद असेल, तर रक्त गोठण्यास अटकाव करणारे औषध पूर्ण मात्रेत द्यावे याबद्दल वैद्यकात फारसा मतभेद नाही. गुठळी फक्त ब्रेकियल शिरेत असेल, तर निर्णय थोडा कमी ठाम असतो. मात्र त्रास होत असेल, कॅथेटर असेल किंवा कर्करोग असेल, तर बहुतेक डॉक्टर उपचार करणेच पसंत करतात.

वरवरच्या शिरेतील गुठळी ही वेगळी गोष्ट आहे. सलाईनची सुई काढल्यानंतर त्या जागी दोरीसारखी कडक, लालसर आणि दुखरी रेघ लागते, ती बहुधा हीच असते. सुई अजून जागेवर असेल तर ती काढणे, कोमट शेक देणे, हात उंचावर ठेवणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सूज कमी करणारे औषध घेणे एवढ्यावर ती काही आठवड्यांत ओसरते. कडकपणा काखेच्या दिशेने वर सरकू लागला, ताप आला किंवा संपूर्ण हात सुजला, तर मात्र ती 'साधी' राहिलेली नाही, असे समजून पुन्हा तपासणी करावी.

गुठळी का झाली, हा दुसरा प्रश्न

हातातील बहुसंख्य गुठळ्यांना उघड कारण असते. केमोथेरपीसाठी, दीर्घकाळ प्रतिजैविके देण्यासाठी किंवा डायलिसिससाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी, म्हणजे पिक लाइन, केमो पोर्ट किंवा मानेतील कॅथेटर, हे त्यांतील सर्वांत मोठे कारण आहे. पेसमेकरच्या तारा, कर्करोग, अलीकडची शस्त्रक्रिया, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या आणि गरोदरपण ही इतर कारणे होत.

एक गट मात्र निराळा आहे. तरुण, धडधाकट माणूस, पोहणारा, वजने उचलणारा, चेंडू फेकणारा किंवा हात डोक्यावर नेऊन तासन्‌तास काम करणारा, एखाद्या दिवशी जोराचे श्रम करतो आणि त्यानंतर बहुधा एका दिवसाच्या आत त्याचा सवयीचा हात जड होऊन निळसर पडतो. जेम्स पॅजेट यांनी १८७५ मध्ये आणि लिओपोल्ड फॉन श्रोटर यांनी १८८४ मध्ये अशा रुग्णांविषयी लिहिले, म्हणून हा विकार त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या अरुंद फटीत सबक्लेव्हियन शीर पुन्हा पुन्हा चेमटते, तिच्या आतील अस्तराला इजा होते, भोवती व्रणाची ऊती जमते आणि शेवटी रक्त गोठते. येथे दोष रक्तात नसून जागेत असतो. हे लक्षात घेतले नाही, तर केवळ गोळ्या देऊन रुग्णाला घरी पाठवले जाते आणि हात पुन्हा वर जाऊ लागला की तोच त्रास परत येतो.

तपासणीला जाताना

एका हाताची सूज, जडपणा, दंडात किंवा काखेत ठणका, निळसर-जांभळी छटा आणि खांद्यावर किंवा छातीच्या वरच्या भागात नव्याने उठून दिसणाऱ्या शिरा ही नेहमीची लक्षणे आहेत. यांतील शेवटचे लक्षण सर्वांत बोलके असते: मुख्य वाट बंद झाल्यामुळे रक्ताने शोधलेले ते आडमार्ग असतात. कॅथेटर असलेल्या रुग्णात कधी कधी नळीतून रक्त न येणे किंवा औषध सहज न जाणे, एवढीच खूण असते.

पहिली तपासणी म्हणजे डॉप्लर सोनोग्राफी. शिरेवर दाब दिल्यावर निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही, या साध्या तत्त्वावर ती चालते. मात्र कॉलर बोनच्या मागे दाब देता येत नाही, त्यामुळे नेमक्या त्या भागातील गुठळी निसटू शकते. लक्षणे स्पष्ट असूनही सोनोग्राफी 'नॉर्मल' आली, तर ती काही दिवसांनी पुन्हा करणे किंवा सीटी अथवा एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचे आतून चित्र घेणारी तपासणी, करणे योग्य ठरते. अशा वेळी विचारणा करण्यात रुग्णाने संकोच करू नये. डी-डायमर ही रक्ताची चाचणी कर्करोगात, शस्त्रक्रियेनंतर आणि जंतुसंसर्गातही वाढलेली दिसते, त्यामुळे ती वाढली म्हणजे गुठळी आहेच, असे म्हणता येत नाही.

निदान होईपर्यंत दोन गोष्टी लगेच कराव्यात: त्या हातातील अंगठी, घड्याळ, घट्ट कडे काढून ठेवावे, कारण सूज वाढल्यावर ते कापावे लागते, आणि त्या हाताला मालीश मुळीच करू नये.

कोणते धोके संभवतात

सर्वांत गंभीर धोका फुप्फुसाचा आहे. गुठळीचा तुकडा सुटून रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या धमनीत अडकतो. हाताच्या गुठळीत हे पायाच्या तुलनेत कमी वेळा घडते, परंतु 'कमी' याचा अर्थ 'नाही' असा घेतला जातो तेव्हा घात होतो. अचानक दम लागणे, श्वास आत घेताना छातीत टोचल्यासारखे दुखणे, विनाकारण धडधड, खोकल्यातून रक्त पडणे किंवा भोवळ येऊन कोसळणे, यांपैकी काहीही झाले तर फोनवर सल्ला घेत बसू नये. थेट आपत्कालीन विभागात जावे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मापासून छिद्र राहिलेल्या व्यक्तीत तुकडा डाव्या बाजूला जाऊन पक्षाघातही होऊ शकतो. हे विरळ आहे, पण तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे दिसले तर तितकीच घाई करावी.

दुसरा धोका हळू चालीचा आहे, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. गुठळी विरघळली तरी शिरेतील झडपा खराब झालेल्या राहतात, किंवा शीर पूर्ण मोकळी होतच नाही, आणि महिनोन्‌महिने हात जड वाटतो, दिवसअखेर सुजतो, थोड्या कामाने दुखतो. याला पोस्ट-थ्रॉम्बोटिक सिंड्रोम म्हणतात आणि हाताच्या खोल शिरेतील गुठळीनंतर तो साधारण १५ ते २५ टक्के रुग्णांत दिसतो. काखेतील व कॉलर बोनमागील गुठळी आणि उपचारानंतरही उरलेला अडथळा असेल, तर त्याची शक्यता वाढते. यात जीव जात नाही, पण ज्याचे पोट हाताच्या कामावर आहे, त्याच्यासाठी हा धोका लहान नाही. सवयीचाच हात असेल तर लिहिणे, उचलणे, यंत्र चालवणे सगळेच मंदावते.

कॅथेटरभोवतीच्या गुठळीला जंतुसंसर्ग झाला, तर थंडी वाजून ताप येतो आणि संसर्ग रक्तात पसरू शकतो. तेव्हा नळी काढणे, शिरेतून प्रतिजैविके देणे आणि रक्त गोठण्यास अटकाव करणारे औषध, असे तिन्ही मार्ग लागतात. वारंवार नळ्या घालाव्या लागणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत आणखी एक नुकसान होते, ज्याची चर्चा फार कमी होते: एकेक शीर कायमची बंद होत जाते आणि पुढे डायलिसिससाठी किंवा केमोथेरपीसाठी जागाच उरत नाही. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या रुग्णाने म्हणूनच हातात पिक लाइन घालण्यापूर्वी मूत्रपिंडतज्ज्ञाला विचारले जावे, असा आग्रह धरावा.

गुठळी छातीतील वरच्या महाशिरेपर्यंत पोचली, तर दोन्ही हात, मान आणि चेहरा सुजतो, वाकल्यावर डोके जड होते, आवाज बसतो. आणि अगदी क्वचित हातातील रक्त बाहेर पडण्याच्या जवळजवळ सर्व वाटा बंद होऊन हात ताणलेला, गडद निळा आणि असह्य दुखरा होतो. तेव्हा धमनीतील प्रवाहही थांबू शकतो आणि हात वाचवण्यासाठी हाती फक्त तास असतात.

उपचाराचा कणा: रक्त गोठण्यास अटकाव करणारे औषध

बोलीभाषेत यांना 'रक्त पातळ करणारी' औषधे म्हणतात. प्रत्यक्षात ती रक्त पातळ करत नाहीत आणि गुठळी विरघळवतही नाहीत. ती गुठळीची वाढ थांबवतात आणि विरघळवण्याचे काम शरीर स्वतः हळूहळू करते. म्हणूनच चार दिवसांत सूज उतरली तरी औषध थांबवायचे नसते. हातासाठीचे हे नियम मोठ्या प्रमाणात पायाच्या गुठळीवरील अभ्यासांतून घेतलेले आहेत, कारण हातावरचे स्वतंत्र मोठे अभ्यास थोडे आहेत. त्यामुळे दोन डॉक्टरांच्या सल्ल्यात थोडा फरक आढळला, तर लगेच गोंधळून जाऊ नये.

सुरुवात बहुधा पोटाच्या त्वचेखाली द्यायच्या हेपरिनच्या इंजेक्शनाने किंवा थेट गोळ्यांनी होते. रिव्हरॉक्सॅबॅन ही गोळी पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि नंतर २० मिलिग्रॅम एकदा, तर ॲपिक्सॅबॅन पहिले ७ दिवस १० मिलिग्रॅम दोनदा आणि नंतर ५ मिलिग्रॅम दोनदा, अशी नेहमीची मात्रा असते. या आकड्यांवरून स्वतः औषध सुरू करण्याचा विचारही करू नये. ते येथे दिले आहेत ते मात्रा बदलण्याचा दिवस ध्यानात यावा म्हणून. रुग्णालयातून मिळालेला पहिला साठा संपतो नेमका त्याच सुमारास मात्रा बदलायची असते, आणि मग एक तर औषध खंडित होते किंवा जास्त मात्रा तशीच चालू राहते. तो दिवस कॅलेंडरवर ठळक लिहावा आणि पुढची चिठ्ठी आधीच मागून घ्यावी. रिव्हरॉक्सॅबॅनच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणासोबतच घ्याव्यात, रिकाम्या पोटी त्या पुरेशा शोषल्या जात नाहीत.

वॉर्फरिन हे जुने औषध अजूनही अनेकांना दिले जाते. त्याचा परिणाम यायला काही दिवस लागतात, म्हणून किमान ५ दिवस हेपरिनचे इंजेक्शन सोबत चालू ठेवतात आणि आयएनआर ही रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारी चाचणी २ ते ३ च्या दरम्यान आली की ते थांबवतात. हिरव्या पालेभाज्या बंद करायची गरज नाही. रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे, एवढेच. गरोदरपणात वॉर्फरिन आणि वरील नव्या गोळ्या टाळून हेपरिनची इंजेक्शने देतात. मूत्रपिंडाचे काम कमी असल्यास औषधाची निवड आणि मात्रा दोन्ही बदलतात, तेव्हा जुने रक्ताचे अहवाल सोबत न्यावेत.

इंजेक्शन घरी घ्यायचे असेल, तर बेंबीपासून साधारण ५ सेंटिमीटर दूर, रोज बाजू बदलून घ्यावे. पूर्ण मात्रा भरलेल्या सिरिंजमधील हवेचा बुडबुडा काढू नये आणि टोचल्यावर ती जागा चोळू नये, नाहीतर काळेनिळे डाग पडतात. हेपरिन सुरू केल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास काही थोड्या रुग्णांत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, झपाट्याने घटतात आणि उलट नव्या गुठळ्या होतात, म्हणून त्या काळात डॉक्टरांनी रक्ततपासणी सांगितली तर ती चुकवू नये.

किती दिवस? साधारणपणे किमान ३ महिने. कर्करोग सक्रिय असेल किंवा कॅथेटर ठेवावाच लागत असेल, तर कारण असेपर्यंत औषध चालू ठेवतात.

कॅथेटर काढावा की ठेवावा

नळीमुळे गुठळी झाली म्हणजे नळी लगेच काढली पाहिजे, हा घरच्यांचा स्वाभाविक आग्रह असतो. पण तो बरोबर असतोच असे नाही. नळी नीट चालत आहे, तिचे टोक योग्य जागी आहे, जंतुसंसर्ग नाही आणि तिची गरज अजून आहे, या चारही गोष्टी खऱ्या असतील, तर ती ठेवून औषध सुरू करणे हाच मान्य मार्ग आहे. काढली, तर नवी नळी दुसऱ्या हातात घालावी लागते आणि तिथेही गुठळी होण्याचा धोका उभा राहतो. काढायचीच असेल, तेव्हा काही डॉक्टर आधी काही दिवस औषध देऊन मग काढतात. नळी काढल्यावर गुठळीचे औषध तिथेच संपत नाही. तीन महिन्यांचा हिशेब तरीही पाळायचा असतो.

गुठळी विरघळवणे आणि शस्त्रक्रिया

गुठळीतच बारीक नळी नेऊन तिच्यातून अल्टेप्लेजसारखे औषध सोडणे, किंवा यंत्राने गुठळी ओढून काढणे, हे उपचार प्रत्येकासाठी नाहीत. लक्षणे तीव्र आहेत, ती सुरू होऊन १४ दिवसांहून अधिक काळ लोटलेला नाही, रक्तस्रावाचा धोका कमी आहे आणि रुग्णाची एकूण प्रकृती चांगली आहे, अशा निवडक व्यक्तींनाच त्यांचा लाभ होतो. नुकताच पक्षाघात, मोठी शस्त्रक्रिया किंवा रक्तस्राव झाला असेल, तर हे औषध मेंदूत रक्तस्राव घडवू शकते. मात्र श्रमामुळे गुठळी झालेल्या तरुण रुग्णाने या पर्यायाबद्दल पहिल्याच आठवड्यात विचारावे, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. कारण महिनाभराने विचारले, तर गुठळी कडक झालेली असते आणि उत्तर 'आता उशीर झाला' असेच मिळते.

अशा रुग्णात शीर मोकळी झाल्यावर पहिली बरगडी काढून फट रुंद करण्याची शस्त्रक्रिया अनेक केंद्रांत केली जाते. बरगडी जागेवर असताना त्या फटीत स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळीदार नळी, घालणे टाळतात, कारण दोन हाडांच्या चिमट्यात तो दबतो, तुटतो आणि शीर पुन्हा बंद होते. शस्त्रक्रिया सर्वांनाच हवी की काहींनाच, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. हातावर पोट असलेल्या किंवा खेळाडू असलेल्या व्यक्तीने रक्तवाहिनी-शल्यचिकित्सकाचे मत जरूर घ्यावे. वरच्या महाशिरेत गुठळीचे तुकडे अडवणारी गाळणी बसवण्याचा उपाय क्वचितच, रक्त गोठण्यास अटकाव करणारे औषध देणे अशक्य असेल तेव्हाच, विचारात घेतला जातो.

घरी पाळायच्या गोष्टी

बसताना आणि झोपताना हात उशीवर, हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नसते; मूठ उघडणे-मिटणे आणि कोपर हलवणे सुरू ठेवावे, पण जड ओझे आणि डोक्यावर हात नेऊन करायची कामे डॉक्टर परवानगी देईपर्यंत टाळावीत. कोपराच्या टोकापासून १० सेंटिमीटर वर आणि १० सेंटिमीटर खाली, दोन्ही हातांचा घेर टेपने मोजून रोज ठरलेल्या वेळी लिहून ठेवावा. 'सूज कमी वाटते' या वाक्यापेक्षा ती वही डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते. लवचीक बाही घातल्याने जडपणा कमी वाटत असेल तर ती सल्ल्याने वापरावी. तिने पुढचा त्रास टळतो, असा भक्कम पुरावा मात्र नाही. रक्तदाब मोजणे आणि रक्त काढणे यांसाठी शक्यतो दुसरा हात पुढे करावा.

अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये. गुठळीच्या औषधाबरोबर ती घेतली, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हृदयासाठी ॲस्पिरिन आधीपासून चालू असेल, तर ते परस्पर बंदही करू नये, विचारावे. दात काढण्यापूर्वी, स्नायूतील इंजेक्शनापूर्वी आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी आपण गुठळीचे औषध घेतो, हे सांगावे. तशी चिठ्ठी पाकिटात ठेवणे उत्तम. एखादी गोळी राहून गेली, तर काय करायचे ते पहिल्याच भेटीत लिहून घ्यावे, कारण ते औषधागणिक वेगळे असते.

हिरड्यांतून थोडे रक्त येणे किंवा त्वचेवर डाग पडणे हे पुढच्या भेटीत सांगण्याजोगे आहे. डांबरासारखी काळी शौचास होणे, लघवीतून रक्त, दहा-पंधरा मिनिटे दाबूनही न थांबणारा रक्तस्राव, अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, आणि डोक्याला लागलेला मार, मग तो वरून किरकोळ दिसला तरी, यांसाठी त्याच वेळी रुग्णालय गाठावे आणि औषधाचे नाव व शेवटची मात्रा घेतल्याची वेळ तेथे सांगावी.

तीन महिन्यांनंतरच्या भेटीला सुजेच्या नोंदीची वही आणि औषधांची यादी घेऊन जावे. औषध थांबवायचे की नाही, शीर कितपत मोकळी झाली, जुने काम किंवा खेळ कोणत्या टप्प्याने सुरू करायचा आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने कोणता पर्याय निवडायचा, हे प्रश्न त्या दिवशी सुटले पाहिजेत. रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषांची चाचणी करायची का, हेही तेव्हाच विचारावे. गुठळी ताजी असताना आणि औषध चालू असताना त्यांतील अनेक चाचण्यांचे निकाल फसवे येतात आणि कारण उघड असलेल्या रुग्णाला त्यांची गरजही सहसा नसते.